सोनेरी सोडून

शहापूरच्या पुढे, हायवेला लागून, कॅसेटी तयार करण्याचा एक कारखाना होता. आता तिथे टाइल्सचं गोडाऊन आहे. बी.कॉम. झाल्या झाल्या मी तिथल्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. नव्वदीची सुरुवात होती आणि कॅसेटींना दिवस चांगले होते. पहिल्या महिन्याच्या शेवटी माझ्यापुढे तपासणीची वही आली. त्यातल्या नोंदी टाइप करून मुंबईच्या ऑफिसला पाठवायच्या असत. लॉट नंबर, किती कॅसेटी तपासल्या, दोष, शेरा. दोषाच्या रकान्यात ‘खरखर’, ‘टेप चुरगळली’, ‘डाव्या बाजूला आवाज बारीक’ असलं काहीबाही होतं. शेऱ्याच्या रकान्यात, बारीक टोकदार अक्षरात, असं:

‘टेप ठीक. गाणारा आळशी.’

‘टेप ठीक. दुसरी बाजू भरायची म्हणून भरली आहे.’

‘टेप ठीक. हे लोकांना आवडेल. वाईट वाटते.’

मी नवीन होते. जसं दिसलं तसं टाइप केलं. चार दिवसांनी मॅनेजर दातेसाहेबांनी मला बोलावलं. मुंबईचा फोन येऊन गेलेला होता. त्यांनी वही पाहिली, कपाळ चोळलं आणि म्हणाले, “पष्टेचा शेरा टाइप करायचा नसतो. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

काशिनाथ पष्टे आमचे तपासनीस. दर हजार कॅसेटींतून पाच उचलायच्या, काचेच्या केबिनमध्ये कानाला हेडफोन लावून बसायचं आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायच्या, हे त्यांचं काम. भजनं, लावण्या, सिनेमाची गाणी, गोष्टी, जे येईल ते. धसईहून मुरबाड, मुरबाडहून शहापूर अशा दोन एसट्या बदलून ते यायचे. उंच, वाळका माणूस, सदऱ्याचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. हेडफोनचा पट्टा रोज एकाच जागी बसून तेल लावलेल्या केसांत कायमची खाच पडली होती. आयुष्यभर गाणी ऐकणाऱ्या या माणसाला मी एकदाही गुणगुणताना ऐकलं नाही. पॅकिंगमधली कुणी बाई गुणगुणायला लागली की ते केबिनच्या दारातून म्हणायचे, “गो बाय, गातेस तर ऐकू नको. दोन्ही एका टायमाला जमत नाय कोणाला.”

आमच्या कंपनीकडे एका इंग्रज बँडच्या कॅसेटी काढायचे हक्क होते. माझ्या जन्माआधीपासून वाजवणारी पाच माणसं, पाचांनाही दाढ्या. कारखान्यात त्यांना ‘दाढीवाले’च म्हणायचे. कॅसेटींची इंग्रजी नावं पॅकिंगच्या बायकांच्या तोंडात बसत नसत, म्हणून कव्हरवरच्या चित्रावरून नावं पडली होती. घोड्याची, शिडीची, पुलाची, बंद दुकानाची. आणि एक सोनेरी. तिच्या कव्हरवर चित्रच नव्हतं, नुसता सोनेरी कागद. खपायची ती सोनेरी. महिन्याला दोन-तीन लॉट तिचे आणि बाकीच्यांचा सगळ्यांचा मिळून वर्षाला एखादा.

पष्टेदादा दाढीवाल्यांचे भक्त होते, असं मला सुरुवातीला सांगण्यात आलं. भक्त हा शब्द किती चुकीचा होता ते पुढे कळलं. भक्ताला देवाचं वाईट दिसत नाही. दादांना दाढीवाल्यांचं वाईट जेवढं दिसायचं तेवढं दुसऱ्या कोणाचंच दिसायचं नाही.

“सोनेरी म्हणजे लग्नातली जिलबी,” ते म्हणायचे. “सगळ्यांना आवडते. ज्याला भूक नाय त्याला पण आवडते. म्हणून ते जेवण होत नाय.”

शिडीच्या कॅसेटीत दाढीवाल्यांनी साठ व्हायोलिनवाले भाड्याने आणले होते. “गाणं सापडलं नाय म्हणून गर्दी जमवली.” बंद दुकानाच्या कॅसेटीत त्यांनी ढोलवाल्याला काढून मशीन वाजवलं होतं, कारण त्या साली तिकडे तीच टूम होती. तिच्यावर दादांचा सगळ्यात जास्त राग. “कर्त्या माणसाला घरी ठेवून वरात काढली, नी वर लाज पण नाय. हसून गातोय.” एक कॅसेट त्यांच्या जाहीर कार्यक्रमाची होती. ती निम्मी टाळ्यांनी भरलेली. “लोक काय वाजवतात ते ऐकायला मी पगार घेत नाय.”

“मग चांगली कुठली?” मी एकदा विचारलं.

“घोड्याची, पण अर्धी. पोरं होती तेव्हा. येत काय नव्हतं, पण घाबरत नव्हती.” मग म्हणाले, “पुलाची तुला नाय कळायची.”

मला तेव्हा त्यांचा संताप यायचा. कल्याणच्या पलीकडे कामाशिवाय न गेलेला माणूस. इंग्रजी दहावीपुरतं. गाण्यांचे शब्द निम्मे कळत नसत. त्यावरही उत्तर तयार असे: “शब्द कशाला पायजेत? माणूस खोटं बोलतोय का, ते शब्दाशिवाय बरं कळतं. शब्दांनी उलट फसायला होतं.” कोण विचारतंय या माणसाला, असं मला वाटायचं. दाढीवाल्यांना धसई ठाऊक नव्हती आणि धसईला दाढीवाले.

मुंबईहून एकदा विक्री विभागाचा एक तरुण साहेब आला. मागे बांधलेले केस, काळा टी-शर्ट, टी-शर्टवर पाचही दाढ्या. कॅन्टीनमध्ये कोणीतरी त्याला दादांच्या टेबलाशी नेलं. तो हात पुढे करून म्हणाला, “तुम्हीपण फॅन? मी तर लहानपणापासून डायहार्ड आहे.”

दादांनी हातातला पाव खाली ठेवला नाही. “कुठल्या कुठल्या ऐकल्या?”

“सगळ्या. सोनेरी तर तोंडपाठ आहे.”

“ती बारशाला पण वाजते. शिडीची?”

“ती फ्लॉप होती ना.”

“फ्लॉप होती ते मला ठाव हाय. मी इथंच परत आलेले खोके उतरवलेत. वाईट का हाय ते सांग.”

साहेब हसला. आजूबाजूला बघायला लागला. दादा वाट बघत होते. खरोखर वाट बघत होते, चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. मग त्यांनी सांगितलं. कुठल्या गाण्यात व्हायोलिनं कुठे शिरतात, तिथे गिटारवाला कसा गप्प होतो, चुकून नाही तर रुसून, आणि पुढची दोन गाणी तो कसा नुसती हजेरी लावतो. दुसऱ्या बाजूच्या शेवटी एकदाच, चार ओळींपुरता, व्हायोलिनं थांबल्यावर तो कसा एकदम वाजवायला लागतो. “साठ माणसं घरी गेल्यावर. त्या चार ओळींसाठी ती कॅसेट ठेवायची. नायतर फेकायची.”

“ओके,” साहेब म्हणाला.

“आवडीच्या माणसाचं वाईट पण तपशिलात ठाऊक पायजे,” दादा म्हणाले. “नायतर ती आवड नाय. ते टी-शर्ट हाय.”

साहेब चहा न पिता उठला. कॅन्टीन हसलं, मीही हसले. दादा नाही हसले. मला वाटतं त्यांना खरंच बोलायला माणूस हवा होता आणि तो आला असं त्यांना दोन मिनिटं वाटलं होतं.

त्यांच्या घरी मी त्या काळात एकदाच गेले. दादांच्या बायकोचं, सुमनवहिनींचं, ऑपरेशन झालं होतं, त्यांना बघायला पॅकिंगमधल्या दोघी आणि मी धसईला गेलो. वहिनी खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या बोलण्यात दादांपेक्षा जास्त धार होती. “ऐकताव ना तुमी? मी पाणी मागते ते ह्यांना ऐकू येत नाय. नी त्या दाढीवाल्याने श्वास घेतला तर इथून उठून बसतात.”

“तुझा श्वास ऐकू येतो की,” दादा म्हणाले.

“श्वासच येतो. बोलणं येत नाय.”

आम्ही हसलो. दादांनी कपाटातून पुलाची कॅसेट काढली, कोणी मागितलेली नसताना. दाढीवाल्यांनी ती म्हातारपणी केली होती. गाणाऱ्याचा आवाज गेलेला होता. “आवाज गेला तेव्हा गायला शिकला,” दादा म्हणाले आणि त्यांनी शेवटचं गाणं लावलं. सात मिनिटांचं. गाणारा तीन मिनिटं काहीतरी सांगत राहतो, सांगता सांगता थांबतो. मग नुसती गिटार आणि खाली, लांब कुठेतरी, ढोल. हे इतका वेळ चालतं की गाणारा उठून गेला असं वाटतं. आणि अगदी शेवटी तो परत येतो, एकच ओळ म्हणतो, आणि गाणं संपतं. वहिनींनी तांदूळ निवडायचे थांबवले होते. त्यांना हे गाणं नवीन नव्हतं.

“काय म्हणतो तो शेवटी?” मी विचारलं.

“मला काय ठाव. पण परत आला ना?”

यानंतर वर्षभराने मुंबईच्या ऑफिसने दाढीवाल्यांच्या निवडक गाण्यांची एक कॅसेट काढायचं ठरवलं. सोनेरीतली सहा गाणी आणि इकडची तिकडची चार. कॅसेटीच्या आतल्या कागदावर गाण्यांची नावं आणि वेळा छापायच्या असतात. तो मजकूर मुंबईहून हाताने लिहून यायचा आणि छापखान्याला द्यायला मी टाइप करायची. तशी ती यादीही टाइप केली. शेवटच्या गाण्यापुढे तीन मिनिटं वीस सेकंद होती. मी तीन वीस टाइप केली.

तीन हजारांचा पहिला लॉट तयार होऊन तपासणीला गेला आणि दुपारी दादा ऑफिसात आले. ते कधी ऑफिसात येत नसत. माझ्या टेबलावर त्यांनी तो छापील कागद ठेवला.

“हे तू टाइप केलंस?”

“हो.”

“शेवटचं गाणं किती मिनिटांचं हाय?”

मला आठवेना. आणि मग आठवलं. ते गाणं मी धसईला त्यांच्या घरी बसून ऐकलं होतं. कॅसेट तासाभराची होती, त्यात बसावं म्हणून मुंबईच्या कोणीतरी ते गाणारा थांबतो तिथेच कापलं होतं. आवाज हळूहळू बारीक करत नेला होता. गाणारा परत येतच नव्हता.

“मला जे लिहून आलं तेच मी टाइप केलं, दादा.”

“ते बराबर हाय,” ते म्हणाले. “मशीनला दोष कोण देतो?”

त्यांनी लॉट नापास केला. दोषाच्या रकान्यात लिहिलं, ‘शेवटचे गाणे अपुरे.’ दातेसाहेब स्वतः केबिनमध्ये गेले. काचेतून आम्हाला दोघांचे चेहरे दिसत होते, आणि दार उघडं असल्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

“पष्टे, टेपमध्ये दोष आहे का?”

“नाय.”

“मशीनचा?”

“नाय.”

“मग लॉट पास कर. गाणं किती ठेवायचं हे मुंबई ठरवते. तुला ऐकायला ठेवलंय. आवडून घ्यायला नाही.”

“ऐकूनच सांगतो, साहेब. हे अर्धं हाय. कागदावर लिवा, अर्धं हाय म्हणून. मी आत्ता सही करतो.”

“असं कोणी लिहितं का?”

“कोणी असं कापतं का?”

तीन दिवस तो लॉट तसाच पडून राहिला. चौथ्या दिवशी दातेसाहेबांना वाट सापडली. ते वाईट नव्हते. त्यांना पष्टेंना काढायचं नव्हतं आणि मुंबईला उत्तर द्यायचं होतं. त्यांनी दादांना कल्याणला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. कंपनीच्या खर्चाने, काळजीने पाठवल्यासारखं. रिपोर्ट आला. उजवा कान बराच अधू, डावाही चालला आहे. पंधरा वर्षांचा हेडफोन. सुमनवहिनी खाटेवर बसून म्हणाल्या होत्या ते थट्टेत नव्हतं.

दातेसाहेबांनी मला पत्र सांगितलं. तपासनिसाच्या श्रवणदोषामुळे सदर लॉट नजरचुकीने नापास झाला असून फेरतपासणीत तो निर्दोष आढळला आहे. तपासनीस श्री. पष्टे यांची त्यांच्या प्रकृतीचा विचार करून डिस्पॅच विभागात बदली करण्यात येत आहे. खाली दादांची सही, मान्य आहे म्हणून. मी विचारलं, “साहेब, पण त्यांनी गाणं अपुरं आहे म्हणून लिहिलंय. ते ऐकू न येण्यामुळे नाही.” दातेसाहेब म्हणाले, “नुसता हट्ट म्हणून लिहिलं तर त्यांची नोकरी जाते. हे लिहिलं तर राहते. तुम्ही सांगा, काय लिहू?” मी पत्र टाइप केलं.

दादा सही करायला आले. घरात शिकणारी दोन मुलं होती आणि वहिनींचं औषध चालू होतं. त्यांनी पत्र सावकाश वाचलं. श्रवणदोष या शब्दावर बोट ठेवलं.

“शुद्ध लिवलंयस,” म्हणाले, आणि सही केली.

पुढची सात-आठ वर्षं ते डिस्पॅचला होते. खोक्यांना चिकटपट्टी लावायची, गावाचं नाव लिहायचं. त्या निवडक कॅसेटीचीही खोकी त्यांनीच बांधली. ती चांगली खपली. आमच्याकडच्या लग्नांत, रिक्षांत, शहापूरच्या केस कापायच्या दुकानातसुद्धा वाजायची, आणि शेवटचं गाणं विरून गेलं की लोक कॅसेट उलटायचे. कोणाला काही कमी पडलं नाही. याचा दादांना संताप आला असता तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त एकदा म्हणाले, तेही माझ्याशी नाही, हमालाशी, “आपल्या लोकांना काय, गाणारा उठून गेला तरी चालतो. टाळी वाजवून मोकळे.” माझ्याशी ते कामापुरतं बोलायचे. मॅडम म्हणायचे. पूर्वी बाय म्हणायचे.

मग सीडी आली आणि कॅसेटी पडून राहायला लागल्या. कारखाना आधी एका पाळीवर आला, मग बंद झाला. मी शहापुरात टायपिंगचे, नंतर कॉम्प्युटरचे क्लास घेऊ लागले. दादांची गाठ पडण्याचं कारण उरलं नाही.

पाच-सहा वर्षांनी कल्याणला एका दुकानात मला दाढीवाल्यांची नवीन सीडी दिसली. आता तिघेच उरले होते. दाढ्या पांढऱ्या. इतक्या वर्षांनी काढलेली होती आणि एका कोपऱ्यात धूळ खात पडली होती. मी घेतली. भाच्याचं सीडी ऐकायचं लहान यंत्र मागून घेतलं आणि रविवारी धसईला गेले. वाटेत काय बोलायचं ते तीनदा ठरवलं.

दादा ओटीवर बसले होते. वहिनींनी मला ओळखलं आणि त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं कोण आलंय ते. मी सीडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांपाशी नेऊन पाहिली. पाठीमागची बारीक अक्षरंसुद्धा वाचली. मग माझ्याकडे परत केली.

“आंधळ्याला आरसा आणलास,” ते म्हणाले. ऐकू येत नसल्यामुळे ते ओरडूनच बोलत होते. पलीकडच्या घरातून एक बाई डोकावून गेली.

“मला वाटलं, थोडंफार—” मी त्यांच्या कानाशी ओरडले.

“नाय. काय नाय. भांडं पडलं तर कळतं.” मग म्हणाले, “तू ऐक. नी मला सांग.”

मी तिथेच ओटीवर बसून, कानाला लावून, पन्नास मिनिटं ऐकलं. ते समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. वहिनी चहा ठेवून गेल्या, तो गार झाला. संपल्यावर मी त्यांच्या कानाशी वाकले. “चांगली आहे, दादा.”

“चांगली म्हणजे? भेंडी हाय? परत ऐक.”

मला राग आला. एवढ्या लांब आले होते. पण मी परत ऐकली, आणि या वेळी डोळे मिटले, कारण ते बघत असताना ऐकणं शक्य नव्हतं. दुसऱ्यांदा ऐकताना काही गोष्टी दिसायला लागल्या. आयुष्यात पहिल्यांदाच एखादं गाणं मी असं ऐकत होते, कोणाला तरी सांगायचं आहे म्हणून. मग मी पिशवीतला कागद काढून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, कारण एवढं ओरडून सांगणं मला जमलं नसतं. पहिली चार गाणी तरुण दिसायला गायली आहेत. केस काळे केल्यासारखी. पाचव्यात त्याला दम लागतो आणि तो ते लपवत नाही. तिथून पुढे खरं आहे. फक्त शेवटचं गाणं उगाच आहे, रडू यावं म्हणून केलेलं.

दादांनी वाचलं. परत वाचलं. “पाचव्यात दम कुठं लागतो? सुरुवातीला का मधे?”

मी लिहिलं, मधे. दुसऱ्या कडव्याच्या आधी.

“ढोलवाला थांबतो का त्याच्यासाठी?”

मला माहीत नव्हतं. तेवढं गाणं परत लावलं. थांबत होता. अगदी जरासा. मी मान हलवली.

“थांबणारच,” ते म्हणाले.

निघताना मी, ठरवलं होतं ते, पत्राचं, बोलायला गेले. एवढ्या मोठ्याने ते गावभर ऐकू गेलं असतं, म्हणून नुसतं वाकून नमस्कार केला. त्यांनी कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, “चाल गो बाय, एसटी जाईल.” आणि मला सोडायला बाजारापर्यंत आले.

मी एसटीत बसले. गाडी सुटायला वेळ होता. खिडकीखाली, बाकावर, गावातले एक निवृत्त मास्तर बसले होते. दादा त्यांच्याजवळ बसले आणि त्यांचा मोठा आवाज माझ्यापर्यंत स्पष्ट आला.

“दाढीवाल्यांची नवीन आली,” ते मास्तरांना सांगत होते. “पहिली चार गाणी फुकट. केस काळे केल्यासारखी. पाचव्यात त्याला दम लागतो, दुसऱ्या कडव्याच्या आधी, नी ढोलवाला त्याच्यासाठी थांबतो. तेवढ्यासाठी ठेवायची.”

मास्तरांनी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, “पण काशिनाथ, तुला ऐकू कुठं येतंय आता?”

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. कॅन्टीनमध्ये त्या टी-शर्टवाल्या साहेबाकडे पाहिलं होतं, त्याहून जास्त कीव होती त्या नजरेत.

“ऐकू येणाऱ्यांना तरी काय कळलं?” ते म्हणाले.

गाडी सुटली. वळणावर मागे वळून पाहिलं तेव्हा ते एक बोट वर करून अजून बोलतच होते, आणि मास्तर मान हलवत होते.